भोक असलेली वाटी आणि अठ्ठेचाळीस मिनिटांची वाळू

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड हे छत्तीसगडच्या सीमेजवळचे, धानाची शेते आणि जंगल यांनी वेढलेले गाव. एके काळी येथे जमीनदारी होती. आज ज्या भागास आपण गोंदिया जिल्हा म्हणतो तो १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच मोडत असे, आणि भंडारा म्हटले की पितळेची भांडी आठवतात. अशा परिसरातील जुन्या घरांच्या माळ्यावर आणि फडताळांत पितळ, तांबे, कांसे आणि सागवान यांच्या कितीतरी वस्तू पडून असतात. लेकीसुनांच्या लग्नांत आलेल्या, व्यापाराच्या निमित्ताने दूरदेशाहून आणलेल्या, वाटण्या होताना कोणाच्या तरी वाट्यास आलेल्या. त्यांतील काही वस्तूंचे नाव घरातील सर्वांना ठाऊक असते. काहींचे नाव केवळ आजीला ठाऊक असते. आणि काही अशा असतात, की त्या कशासाठी होत्या हे सांगणारे घरात कोणीच उरलेले नसते.

या तिसऱ्या प्रकारच्या वस्तूंचा शेवट बहुधा एकच होतो. घर दुरुस्तीस निघते, माळा रिकामा करावा लागतो, आणि ज्याचा उपयोग कळत नाही ते मोडीत निघते. मोडीचा व्यापारी वस्तूला वजनाने ओळखतो. कारागिराच्या हातोड्याचे ठोके, कडेवर कोरलेले पणजीचे नाव, शंभर वर्षांच्या वापराने आलेली झीज, यांतले काहीही त्याच्या तराजूत भरत नाही. भट्टीत गेलेली वस्तू परत मिळत नाही, आणि तिच्याबरोबर कुटुंबाच्या इतिहासाचे एक पान जाते. म्हणून वस्तू घराबाहेर काढण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे शोधणे अगत्याचे ठरते. ही वस्तू कोणत्या कामाची? आणि हिचे वय किती?

घरगुती वस्तूंचा मान

राजवाड्यांतील तलवारी आणि सिंहासने जपण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. स्वयंपाकघरातील आणि माजघरातील वस्तूंना संग्रहालयात मानाचे स्थान मिळवून देण्याचे श्रेय महाराष्ट्रात प्रामुख्याने डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांच्याकडे जाते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी पत्नी कमलाबाई यांच्या साथीने गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वजऱ्या, पानडबे, दौती, कुलपे, करंडे अशा हजारो वस्तू जमविल्या. अकाली निधन पावलेल्या 'राजा' या पुत्राच्या स्मरणार्थ उभे राहिलेले पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय त्यांनी १९७५ मध्ये शासनाच्या स्वाधीन केले. त्या दालनांतून फिरताना एक गोष्ट ध्यानात येते. पक्ष्याच्या आकाराची पितळी वस्तू पाहून नवा प्रेक्षक तिला खेळणे समजतो. तिचा तळ पाहिला की तो खरखरीत, आडव्याउभ्या रेघांनी खवल्यासारखा केलेला दिसतो. ती पायाच्या टाचा घासण्याची वजरी असते. शोभा वरच्या बाजूस आणि काम खालच्या बाजूस.

घरातील अनोळखी वस्तूकडेही याच रीतीने पाहावे लागते. नक्षी आपले लक्ष वेधून घेते, परंतु उपयोगाचा पुरावा बहुधा तळाशी, कडेला, कानाशी किंवा आतल्या बाजूस असतो. वस्तू उलटी करून पाहणे ही पहिली पायरी होय. दुसरी पायरी मोजण्याची. तिच्यात किती मावते, तिचे वजन किती, तिच्यातून काही झिरपत असेल तर किती वेळात? पुढील उदाहरणांवरून या मोजमापाचे महत्त्व स्पष्ट होईल.

गळकी वाटी

तांब्याची एक पातळ, अर्धगोल, बिनकाठाची वाटी. तळाच्या मध्यभागी सुईच्या अग्राएवढे भोक. घरातील मंडळी म्हणतात, वाटी गळकी आहे, टाकून द्या. परंतु झिजून किंवा आपटून पडलेले भोक बरोबर मध्यभागी आणि असे गोल सहसा नसते. हे भोक कारागिराने मुद्दाम पाडलेले आहे. एका पसरट भांड्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यावर ही वाटी अलगद सोडावी आणि मनगटावरचे घड्याळ पाहावे. भोकातून पाणी हळूहळू वर चढते, वाटी जड होते आणि शेवटी डुबकन बुडते. बुडण्यास चोवीस मिनिटांच्या आसपास वेळ लागला, तर ती वाटी म्हणजे घटिकापात्र होय.

चोवीस मिनिटांची एक घटिका, अशा साठ घटिकांचे एक अहोरात्र. दिवसरात्रीत साठ वेळा बुडणाऱ्या, तळाशी छिद्र असलेल्या ताम्रपात्राचे वर्णन 'सूर्यसिद्धान्त' या प्राचीन ज्योतिषग्रंथात आहे. भिंतीवरची घड्याळे गावोगाव पोचेपर्यंत विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी हेच साधन वापरीत. घंगाळातील पाण्यात घटिकापात्र सोडून ते किती वेळा बुडाले याची मोजणी ठेवली जाई. 'घटका भरली' हा शब्दप्रयोग आपण आज सहज करतो, त्यामागे हीच भरत जाणारी वाटी आहे. भोक झिजले असेल किंवा पाण्यातील क्षार त्यात साचले असतील तर वेळ थोडा इकडेतिकडे होतो. तो फरक म्हणजे वस्तूच्या दीर्घ वापराची खूण समजावी. भोक साफ करण्यासाठी सुई घालण्याचा मोह मात्र टाळावा. छिद्र किंचित जरी मोठे झाले तरी शतकभर टिकलेले माप बिघडते.

तास न दाखवणारे वाळूचे घड्याळ

लाकडी चौकटीत बसविलेले, दोन काचेच्या फुग्यांचे वाळूचे घड्याळ अनेक जैन घरांत आढळते. अनभिज्ञ पाहुणा त्यास शोभेची वस्तू समजतो. एखादा जिज्ञासू ते उलटे करून वेळ मोजतो आणि म्हणतो, हे चुकीचे आहे, याची वाळू तासाच्या आतच संपते. वाळू जर अठ्ठेचाळीस मिनिटांत संपत असेल, तर घड्याळ चुकीचे नाही. उलट त्याचे काम नेमके कळले असे समजावे. अठ्ठेचाळीस मिनिटे म्हणजे दोन घटिका, अर्थात एक मुहूर्त, आणि हाच सामायिकाचा काळ. सूर्योदयानंतर नवकारशीसाठी जो काळ जाऊ द्यायचा तोही एवढाच. घटिकापात्र दोन वेळा बुडावे आणि वाळू एकदा खाली यावी, इतके हे दोन वस्तूंचे नाते जवळचे आहे. एक तांबटाच्या हातून उतरलेली, दुसरी काच फुंकणाऱ्याच्या. दोघांची भाषा मात्र एकच.

अशा घड्याळाचे वय काढताना काचेच्या मध्यभागी असलेल्या बारीक कमरेकडे पाहावे. दोन वेगळे फुगे तोंडाला तोंड लावून मेण आणि दोरा यांनी बांधलेले असतील, तर ती रचना जुन्या पद्धतीची. दोन्ही फुगे एकसंध काचेचे असतील तर पद्धत त्यानंतरची. चौकटीचे स्क्रूही बोलके असतात. डोक्यावर एकच आडवी खाच असलेला स्क्रू जुनाही असू शकतो आणि नवाही. फुलीच्या आकाराची खाच मात्र १९३० च्या दशकात प्रचारात आली. तेव्हा फुलीचा स्क्रू मूळचाच असेल तर वस्तू त्याआधीची असणार नाही. तो दुरुस्तीत घातलेला असेल, तर आजूबाजूच्या लाकडावर जुन्या छिद्राची खूण सापडते.

तळाला कडी, झाकणाला भोके

बादलीला कडी वरच्या काठावर असते हे आपण गृहीत धरतो. पितळेची लहानशी बादली हाती यावी आणि तिच्या तळालाही बाहेरून एक कडी जोडलेली दिसावी, तर ती पाहून कोणीही गोंधळेल. टांगून वाळवण्यासाठी असेल, असा तर्क केला जातो. प्रत्यक्षात ती जीवाणीची बादली असते. विहिरीचे पाणी दुहेरी कापडातून गाळल्यानंतर गाळण्यावर राहिलेले सूक्ष्म जीव ज्या जलाशयातून आले त्याच जलाशयात परत पोचविण्याची रीत जैन घरांत पाळली जाई. ही जीवाणी उंचावरून ओतली तर त्या जीवांना आघात होतो. म्हणून ती बादलीत घालून दोराने विहिरीत सोडीत. पाण्याला बादली टेकली, की तळाच्या कडीच्या आधारे ती पाण्यातच उलटवली जाई. विहिरींची जागा नळांनी घेतली आणि बादलीचे काम संपले. कडी तेवढी प्रश्नचिन्हासारखी उरली.

व्यापारी घराण्यांत आणखी एक वस्तू हमखास चुकीची ओळखली जाते. वाटोळी किंवा चौकोनी पितळी डबी, झाकणाला बारीक भोके. आजच्या डोळ्यांना ती मिठाची किंवा मिऱ्यांची डबी वाटते. पण तिच्या जोडीला दौत आणि कलमदान सापडले असेल, तर ती वाळूची डबी असण्याचा संभव अधिक. बोरूने लिहिलेली ओली शाई वाळविण्यासाठी कागदावर बारीक वाळू भुरभुरत आणि नंतर झटकून टाकीत. टीपकागद आल्यावर ही रीत मागे पडली. जुन्या वहीची पाने उलगडताना मधल्या शिवणीत आजही वाळूचे कण चमकतात. डबीच्या आतल्या कोपऱ्यात असाच एखादा कण सापडला तर उत्तर मिळालेच. म्हणूनच अशी वस्तू पाहण्याआधी धुऊन काढू नये. पुष्कळदा पुरावा हा आपल्याला 'घाण' वाटणाऱ्या थरातच असतो.

शीग आणि सपाट

चिचगडचा मुलूख धानाचा. येथे धान्य तोलण्यापेक्षा मापण्याची चाल जुनी. कुडो, पायली आणि खंडी हे शब्द या भागातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून ऐकू येतात. लाकडाची, लोखंडाची, पितळेची मापे जुन्या घरांत असतात, आणि आज त्यांत कोणी छत्र्या ठेवतो तर कोणी तुळस लावतो. भोवतालच्या आदिवासी मुलखात मेण वितळवून ओतकाम करण्याची प्राचीन कला आहे. त्या पद्धतीने घडविलेल्या मापावर मेणाच्या दोऱ्याच्या समांतर रेषा धातूत उतरलेल्या दिसतात. असे माप छत्तीसगड आणि बस्तरच्या बाजूने आलेले असू शकते.

मापाची ओळख त्याच्या तोंडावरून पटते. धान्य भरल्यावर वरचा भाग पट्टीने सपाट केला जाई, त्यामुळे कड वर्षानुवर्षांच्या घर्षणाने गुळगुळीत होते. काही व्यवहार सपाट मापाने होत, काही शीग भरून. 'शिगोशीग भरणे' हा आपल्या भाषेतील शब्दप्रयोग तेथूनच आला. मापाच्या तोंडाची कड झिजलेली आणि पोट मात्र ठणठणीत असेल, तर ते भांडे पाण्याचे नसून धान्याचे माप होते असा निष्कर्ष काढता येतो.

आता मोजणी. माप बारीक धान्याने सपाट भरावे आणि ते धान्य लिटरच्या मापात ओतून पाहावे. आकडा नेमका एक, दोन किंवा पाच लिटर आला, तर माप दशमान पद्धतीनंतरचे. भारतात वजनमापांचा दशमान कायदा १९५६ मध्ये संमत झाला, १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात आला आणि १९६२ पर्यंत किलोग्रॅमने शेराची जागा घेतली. आकडा अडनिडा आला तर माप जुने असण्याची शक्यता वाढते. महाराष्ट्राच्या जुन्या अंकलिपीत दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी असे कोष्टक मुलांकडून पाठ करून घेत. तथापि प्रत्यक्षात पायली गावागणिक लहानमोठी होती. ही अडचण वाटली तरी तीच वस्तूचे मूळ शोधण्याची किल्ली आहे. ज्या गावच्या पायलीशी माप जुळते, त्या गावच्या बाजारात ते वावरले असण्याची शक्यता असते.

तराजूतील वजनांचे काम त्याहून सोपे. ब्रिटिश अमदानीत १८० ग्रेनचा तोळा, ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण असे प्रमाण ठरले. आजच्या हिशेबाने तोळा ११.६६ ग्रॅम, छटाक सुमारे ५८ ग्रॅम, पावशेर सुमारे २३३ ग्रॅम, शेर सुमारे ९३३ ग्रॅम आणि मण ३७.३२ किलोग्रॅम. घरातील अनोळखी पितळी गोळा काट्यावर ठेवला आणि ४६५ ग्रॅमच्या आसपास भरला, तर तो अर्ध्या शेराचे वजन समजावा. झिजेमुळे काही ग्रॅम कमी भरणे स्वाभाविक आहे. नेमका अर्धा किलो भरला, तर तो फार जुना नाही.

एका गावाचे पाच पत्ते

उपयोग कळला की वयाचा प्रश्न येतो. कित्येकदा वस्तूच्या आत, पेटीच्या अस्तराखाली किंवा चौकटीच्या मागे एखादा कागद चिकटलेला असतो. दुकानाची पावती, पार्सलची चिठ्ठी, पोस्टकार्ड. त्यावरील पत्ता तारखेइतकाच उपयोगी पडतो. चिचगडचेच उदाहरण घ्यावे. गाव जागचे हलले नाही, पण त्याचा पत्ता पाच वेळा लिहिला गेला. १९५० पूर्वी ते मध्यप्रांतात होते. १९५० ते १९५६ मध्य प्रदेशात. १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात. १ मे १९६० पासून महाराष्ट्रात, जिल्हा भंडारा. आणि १ मे १९९९ पासून जिल्हा गोंदिया. पत्त्यात पिनकोड असेल तर कागद १९७२ नंतरचा. किंमत रुपये-आणे-पैत मांडली असेल तर तो बहुधा एप्रिल १९५७ पूर्वीचा, कारण त्या महिन्यापासून नवे पैसे सुरू झाले.

बाहेरदेशी वस्तूंवरील ठसेही असेच बोलतात. १८८० च्या दशकात गोंदियामार्गे रेल्वे धावू लागली आणि कारखान्यांत तयार झालेले दिवे, चिनीमातीच्या बशा, एनॅमलची ताटे या भागात पोचणे सुलभ झाले. ब्रिटनमध्ये १८८७ साली व्यापारचिन्हांसंबंधीचा कायदा झाल्यानंतर मालावर 'मेड इन जर्मनी' असे मूळ देशाचे नाव घालण्याची रीत पसरली. 'चेकोस्लोवाकिया' हे नाव असलेली वस्तू १९१८ नंतरची, कारण तो देशच त्या वर्षी जन्मास आला. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ नंतरची.

संवत कोणता?

भांड्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव आणि वर्ष असेल तर काम सोपे झाले, असे वाटते. तेथेच बहुधा गफलत होते. मराठी घरातील भांड्यावर शक असण्याचा संभव अधिक, त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या काळासाठी ७९. गुजराती आणि मारवाडी घरांत विक्रम संवत. त्यातही गुजरातचे पंचांग कार्तिकापासून वर्ष धरते आणि राजस्थानचे चैत्रापासून. त्यामुळे 'संवत १९६५, श्रावण' असे कोरलेले असेल, तर राजस्थानी पंचांगाप्रमाणे तो १९०८ चा श्रावण आणि गुजराती पंचांगाप्रमाणे १९०९ चा. दोन्ही वाचने बरोबर आहेत. कुटुंब कोठून आले हे कळल्याखेरीज निवाडा होत नाही. देवघरातील धातुमूर्तींच्या पाठीमागे संवताचा लेख असतो आणि क्वचित वीर निर्वाण संवत दिलेला असतो. त्यातून ५२७ वजा करावेत, आणि जानेवारीपासून दिवाळीपर्यंतच्या तिथीसाठी ५२६.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. कोरलेले वर्ष हे कोरण्याचे वर्ष असते. भांडे त्याहून जुने असू शकते. आजोबांच्या काळातील हंडा नातीच्या लग्नात दिला गेला आणि त्या वेळी त्यावर नाव घातले गेले, असे पुष्कळदा घडे. वाटणीनंतर आपापल्या भांड्यांवर नावे घालण्याची चालही सर्वत्र होती. म्हणून लेख हा वयाची खालची मर्यादा ठरवितो: वस्तू निदान तेवढी जुनी आहे.

लेख नसेल तर घडण पाहावी. हाताने ठोकलेल्या भांड्याच्या अंगावर हातोडीचे ठोके उन्हात तिरपे धरल्यास दिसतात आणि पत्र्याची जाडी जागोजागी बदलते. जुन्या हंड्या-तांब्यांचे दोन अर्धे भाग दातेरी सांध्याने एकमेकांत गुंफून झाळलेले असतात. बोट फिरविले की तो नागमोडी सांधा लागतो. आत कल्हईचे अवशेष असतील तर भांडे रांधण्याचे. कांसे आणि पितळ यांतील फरक कानाने कळतो. टिचकी मारली की कांस्याचा नाद लांबत जातो आणि पितळेचा लवकर विरतो. लोहचुंबक चिकटला तर वरचे पितळ हा केवळ मुलामा, आणि 'पुरातन' म्हणून विकली जाणारी वस्तू बहुधा नवीच. खरी झीज हात लागतो तेथे असते: कानाच्या आतल्या बाजूस, झाकणाच्या बोंडीवर, तळाच्या कडेवर. सर्वांगावर सारखाच हिरवा-काळा रंग चढलेला असेल तर तो काळाने चढविला की आम्लाने, अशी शंका घ्यावी.

चिंच दूर ठेवावी

दिवाळीच्या आधी पितळ चिंचेने घासून लखलखीत करणे ही आपल्या घरांची आवडती रीत. रोजच्या भांड्यांना ती शोभते. ज्या वस्तूचे वय आणि काम अजून ठरायचे आहे, तिच्यापासून मात्र चिंच, लिंबू आणि बाजारातील पॉलिश दूर ठेवावे. आम्लाने धातूचा वरचा थर विरघळतो आणि त्याबरोबर बारीक ठिपक्यांची अक्षरे, हातोडीचे ठोके, आतल्या द्रव्याचे अवशेष नाहीसे होतात. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसावी, एवढेच पुरेसे आहे. अक्षरे वाचायची असतील तर अंधाऱ्या खोलीत विजेरीचा प्रकाश एका बाजूने पाडावा. समोरून न दिसणारी रेघ सावलीमुळे उठून दिसते. मोडी लिपीतील लेख असल्यास त्याचे स्पष्ट छायाचित्र मोडी वाचकास दाखवावे. तज्ज्ञांचा सल्ला हवा असल्यास या भागातील कुटुंबांना १८६३ साली स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, लोकांच्या तोंडी असलेला 'अजब बंगला', फार दूर नाही.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार, जो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला, शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते. ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोलाच्या हस्तलिखितांस ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा अधिसूचित प्रकारांची नोंदणी करावी लागते. पुरावशेषांचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीस ते देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांसाठी देवघरातील जुनी मूर्ती किंवा हस्तलिखित पोथी सामानात घालून देण्यापूर्वी याचा विचार करणे आवश्यक आहे. हस्तिदंताच्या वस्तूंची खरेदी-विक्री तर वन्यजीव संरक्षण कायद्याने पूर्णपणे निषिद्ध आहे.

वस्तूंची वही

व्यापारी घरांना वही नवी नाही. दिवाळीस जशी हिशेबाची वही पूजली जाते तशी घरातील जुन्या वस्तूंची एक वही घालता येईल. प्रत्येक वस्तूस एक पान. त्यावर तिचे घरात चालत आलेले नाव, मग ते कितीही वेगळे वा बोलीतील असो. लांबी, रुंदी, वजन आणि मावणारे माप. कोठे झीज आहे, कोठे अक्षरे आहेत. ती कोणाकडून, कोठल्या गावाहून आली. शेवटी, हे सर्व कोणी सांगितले आणि कोणत्या दिवशी. निश्चित माहिती आणि तर्क यांची सरमिसळ होऊ देऊ नये. 'आजी म्हणते' आणि 'भांड्यावर कोरले आहे' या दोन वेगळ्या प्रतींच्या साक्षी आहेत, त्या वेगळ्या रकान्यांत लिहाव्यात.

या कामात घाई एकाच गोष्टीची करावी. पितळ आणखी पन्नास वर्षे माळ्यावर राहिले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. चिचगड असो की पुणे, घरातील ज्या वृद्धेला त्या बादलीचे, त्या डबीचे, त्या वाटीचे नाव ठाऊक आहे, तिच्याजवळ मात्र आजच जाऊन बसावे. वस्तू तिच्या हाती द्यावी आणि काही न विचारता थोडा वेळ थांबावे. पुष्कळदा जिभेच्या आधी हात सांगतो. बोटे आपोआप योग्य जागी जातात, भांडे योग्य बाजूने कलते, आणि ते कशासाठी होते हे पाहणाऱ्यास कळून चुकते.